तळ्याकडे पाठ केलेलं घर

तळ्याकाठी जागा घ्यायची आणि घराची पाठ तळ्याकडे करायची, ही कल्पना ज्या डोक्यातून निघाली त्या डोक्याला मी अजून माफ केलेलं नाही. डोकं माझ्या भाऊजींचं आहे, म्हणजे सख्ख्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, त्यामुळे दर दिवाळीला त्याच डोक्यासमोर फराळाचं ताट ठेवावं लागतं. ठेवते. चकली मात्र मुद्दाम मऊ पडलेली देते.

ही हकिगत मी इतक्यांदा सांगितली आहे की ती सुरू झाली की घरचे लोक पाणी प्यायला उठतात. तरी सांगते. सांगताना मला मजा येते आणि राग कमी होत नाही. मला दोन्ही हवं आहे.

मी आर्किटेक्ट आहे. मीरा-भाईंदरच्या आर्किटेक्टचं आयुष्य म्हणजे डक्ट. दोन इमारतींच्या मधली ती फट, जिथून पाइप उतरतात, जिथे कबुतरं संसार करतात आणि जिच्यावर स्वयंपाकघराची खिडकी उघडते. बिल्डर नकाशावर बोट ठेवून म्हणतो, "मॅडम, ये थोडा और छोटा करो ना," आणि मी छोटा करते. माझ्या हातून माणसांना जेवढा उजेड मिळाला त्यापेक्षा जास्त उजेड मी त्यांच्याकडून काढून घेतला असेल. पोट आहे, ऑफिसचं भाडं आहे, काय करता.

ताई अशाच एका डक्टवर राहते. तो मी काढलेला नाही, ही देवाची कृपा. लग्न होऊन गिरगावातून मीरा रोडला आली तेव्हापासून तिच्या ओट्यासमोर खिडकी आहे आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीचा पाइप. एका संक्रांतीला हळदीकुंकवाचा करंडा हातात होता, तर तिने खिडकीतून हात लांब करून त्या पाइपालाही कुंकू लावलं. म्हणाली, इतक्या वर्षांची शेजारीण आहे, तिला कसं वगळू. आम्ही हसलो. मी हसत घरी आले आणि मग मला काही सुचेना.

भाऊजींचा हाटकेशला गाळा आहे. तिथे स्टीलचे चमचे होतात. माणूस मेहनती, धंद्यात चोख, आणि चमचा सोडून जगातल्या कुठल्याही वस्तूबद्दल स्वतःचं मत नसलेला. मत लागलं की ते दुसऱ्याकडून आणतात. साठीच्या आसपास त्यांना वाटायला लागलं की आपलंही गावाकडे छोटंसं घर असावं. मूळ गाव रत्नागिरीकडे, ते लांब पडतं, म्हणून त्यांनी डोंगरीला, गावतळ्याच्या कडेला, एक तुकडा घेतला. भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरायची, मोरवा मागे टाकायचं, खाडीचा वास संपून झाडांचा वास सुरू झाला की उतरायचं. मग ते फोनवर व्हिडिओ बघायला लागले. परदेशातली तळी, काचेची घरं, पांढरे सोफे आणि सोफ्यावर पांढरा कुत्रा. मला बोलावून म्हणाले, "मेव्हणीबाई, मॉडर्न पाहिजे, पण निसर्गाशी हार्मनी पाहिजे."

ताई आतून चहा घेऊन आली. मी तिला विचारलं, तुला काय पाहिजे? कपात साखर ढवळत ती म्हणाली, "मला खिडकी नको. खिडक्या खूप झाल्या. पाण्याकडे तोंड करून बसायला जागा दे."

एवढंच. सबंध घरातून तिने एवढंच मागितलं. मी त्या जागेवर पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या डोक्यात तेवढंच होतं.

आणि जागा काय होती, सांगू? जमीन रस्त्याकडून पाण्याकडे हळूहळू उतरत जाते, जणू कुणी मांडी घालून पदर पसरून बसलंय. मधोमध चिंच, म्हातारी आणि रुंद. पलीकडच्या काठाला ताड. पाण्यात एका कोपऱ्यात कमळाची पानं, त्या पानांवरून पाणकोंबडी अशी चालायची की जणू तिच्याच मालकीची गॅलरी आहे. मी डक्टवाली बाई. मला इतकं आकाश एकदम दाखवू नये. मी तिथे उभी राहून मोठ्याने बोलायला लागले, स्वतःशीच. शेजारच्या वाडीतली म्हातारी कुंपणाशी येऊन बघून गेली.

नकाशा मी पावसाळाभर केला. मुद्दाम पावसात जाऊन पाणी कुठवर चढतं ते पाहिलं आणि घर त्याच्या बरंच मागे ठेवलं. भराव घालायचा नाही, जमीन उतरतेय तर घरानेही पायरी पायरीने उतरायचं. जोतं जांभ्याचं, वर कौलं, खांब लोखंडी पण बारीक, म्हणजे भाऊजींना मॉडर्न वाटेल आणि डोळ्यांना आड येणार नाही. चिंचेची मुळं जिथवर गेली आहेत तिथवर पाया खणायचा नाही. तळं घराच्या नैर्ऋत्येला, म्हणजे दुपारचं ऊन पाण्यावरून उसळून थेट डोळ्यांत येणार आणि पावसाचा मारही तिथूनच. म्हणून त्या बाजूला वळचण चांगली खाली ओढून घेतली. उभं राहिलात तर कौलं दिसतील, बसलात की पाणी. न्हाणीचं पाणी केळी-कर्दळीच्या वाफ्यात मुरवायचं, तळ्यात एक थेंब सोडायचा नाही. आणि घराच्या पूर्ण लांबीची ओटी, तळ्याकडे तोंड करून. बाकी खोल्या त्या ओटीच्या मागे, तिच्या आधाराने उभ्या. मी उलटं काम केलं होतं. आधी ओटी काढली आणि तिला घर जोडलं.

कागदावर लोकांना काही कळत नाही, म्हणून माझी एक पद्धत आहे. मैदानावर रेघा मारतात ती पांढरी फक्की घेते, घर जमिनीवर खऱ्या मापाने आखते आणि मालकांना त्यात राहायला लावते. नाटक करायचं. दारातून आत या, चपला काढा, किल्ली टांगा, भांडण करून बेडरूममध्ये जा. पाऊस उघडल्यावर मी दोघांना डोंगरीला नेलं. भाऊजी फक्कीच्या दारातून वाकून आत आले, दाराला वरची चौकट नसताना. मला फार आवडलं ते. ताईने फक्कीच्या ओट्यावर चहा केला, म्हणजे थर्मास उघडला, आणि प्लास्टिकची खुर्ची ओटीच्या रेघेत ठेवून बसली. मी भाऊजींना न्हाणी दाखवली, कपाटं दाखवली, वळचण समजावली, चिंचेभोवती फिरवून आणलं. परत आलो तरी ताई तशीच बसलेली. चहा गार झाला होता. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण तिचा चेहरा असा रिकामा, काहीही करायचं नसलेला, कधी पाहिला नव्हता. त्याच क्षणी मी ठरवलं की आभाळ कोसळलं तरी ही रेघ हलणार नाही.

आभाळ नाही कोसळलं. वास्तुवाले सर आले.

भाऊजींच्या गाळ्याशेजारी कुणाचा तरी धंदा यांच्यामुळे सुधारला होता म्हणे. माझ्या कार्डावरही वास्तुविशारद लिहिलेलं आहे, पण माझ्यामुळे कुणाचा धंदा सुधारल्याची नोंद नाही. सर पांढऱ्या सफारीत होते. त्यांनी फोनमधलं होकायंत्र उघडलं, चिंचेखाली उभे राहून गोल फिरले आणि डोळे मिटले. मग फार दुःखाने, डॉक्टर सांगतात तसं सांगितलं की नैर्ऋत्येला पाणी आहे. नैर्ऋत्य जड पाहिजे, उंच पाहिजे, बंद पाहिजे. पाणी पाहिजे ईशान्येला. जमिनीचा उतारही नेमका नैर्ऋत्येकडे, म्हणजे लक्ष्मी घरंगळत थेट तळ्यात.

मी म्हटलं, सर, मग तळं हलवू या का?

त्यांना विनोद कळला नाही, किंवा असले विनोद त्यांना रोज ऐकावे लागत असावेत. ते शांतपणे म्हणाले की तळं हलत नसतं, घर हलवता येतं. मग उपाय सांगितले. तळ्याच्या बाजूला भराव घालून जमीन उंच करायची. तिथे जाड, उंच भिंत, खिडकी नाही, दार नाही. घराचं तोंड पूर्वेला, म्हणजे रस्त्याकडे, जिथे रिक्षा वळतात. आणि ईशान्य कोपऱ्यात पाणी हवंच, म्हणून तिथे एक कारंजं.

नीट ऐकलंत ना? तळ्याच्या काठावर, तळं झाकून, कारंजं.

मी भाऊजींकडे पाहिलं. मला वाटलं हा माणूस हसेल. ते फोनमध्ये उपाय टिपून घेत होते. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही तळ्यासाठी जागा घेतलीत. ते म्हणाले, "तळं कुठे पळतंय? संध्याकाळी चक्कर मारायला जायचं, बघून यायचं." ताईही आली होती, ती आपली प्लास्टिकची खुर्ची उचलून ठेवत होती. ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला त्या सफारीपेक्षा जास्त झोंबलं.

त्या रात्री मी जो नकाशा काढला तो निव्वळ रागाचा होता. ऑफिसात बसून, दात खात, सरांचा शब्द न्‌ शब्द कागदावर उतरवला. तळ्याकडे किल्ल्यासारखी भिंत. तिला चिकटून अडगळीची खोली. घराचं तोंड रिक्षांकडे. ईशान्येला कारंजं, आणि टोमणा पूर्ण व्हावा म्हणून कारंज्यात मी स्टीलचं कमळ काढलं, चमच्यांच्या पाकळ्यांचं. रंगीत चित्रं काढली, पुठ्ठ्याचं मॉडेल केलं. मनात म्हटलं, हे समोर ठेवलं की कुणालाही लाज वाटेल.

भाऊजींनी मॉडेल दोन्ही हातांनी उचललं, फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता आली हार्मनी." चमच्यांचं कमळ त्यांना इतकं आवडलं की गाळ्यावरच्या लोकांना दाखवायला ते मॉडेल घेऊन गेले. माझा टोमणा माझ्याच सहीनिशी मंजूर झाला. लोकांच्या बुद्धीवर मी आयुष्यात पुन्हा कधी टोमणा मारून विसंबणार नाही. सरळ ओरडावं, ते बरं.

मग ओरडलेही. फोनवर, घरी, त्यांच्या गाळ्यावर मशीनच्या आवाजात. ते म्हणायचे, तुम्ही शिकलेल्या, तुमचा विश्वास नाही, पण नुकसान झालं तर माझं होणार. मी म्हटलं, नुकसान तुमच्या बायकोचं होतंय. ते म्हणाले, "ती काही बोलली का?" आणि हा प्रश्न त्यांनी इतक्या खऱ्या भोळेपणाने विचारला की त्यांच्या डोक्यावर मारायला माझ्या हाताशी एकही चमचा नव्हता, चमच्यांच्या कारखान्यात उभी असून.

आठवडाभराने शेजारच्या म्हातारीचा फोन आला. तिच्याकडे माझा नंबर होता, फक्कीच्या दिवशी घेतला होता. म्हणाली, "काय बाय, घर हाय का किल्ला हाय? तलावाला खिडकीच न्हाय म्हनतात. आनि ह्या गाड्या कसल्या?" मी रिक्षा करून गेले. भराव येऊन पडला होता. मीरा रोडला जुन्या इमारती पाडतात ना, त्यांचा. विटा, सळ्यांचे तुकडे, टाइल्स, कुणाच्या तरी न्हाणीतलं फुटकं गुलाबी बेसिन. चिंचेच्या बुंध्याशी ढीग. आणि तो सगळा राडारोडा उताराने जाऊन कमळाच्या कोपऱ्यात उतरलेला, पाणी तिथे चहासारखं. आयुष्यभर मी ज्या इमारतींचे डक्ट काढले त्याच आता तळ्यात येऊन पडत होत्या. मी काठावर उभी राहून रडले नाही. शिव्या दिल्या. मराठीत दिल्या, मग हिंदीत दिल्या, कारण ट्रकवाल्याला मराठी येत नव्हती.

भूमिपूजनाला मी जाणारच नव्हते. ताईने बोलावलं म्हणून गेले. मांडव, लाडू, गाळ्यावरची माणसं इस्त्रीच्या कपड्यांत, वास्तुवाले सर पुढच्या खुर्चीवर. गुरुजींनी दोन पाट मांडले, पूर्वेकडे तोंड करून. भाऊजी सोवळं नेसून बसले. गुरुजी म्हणाले, यजमानीणबाईंना बोलवा.

यजमानीणबाई भरावाच्या टोकाला होत्या. भरजरी साडीत, नाकात नथ, प्लास्टिकच्या खुर्चीवर, तळ्याकडे तोंड करून. कुणीतरी जाऊन बोलावलं. ती म्हणाली, मी बसलेय. परत बोलावलं. ती म्हणाली, बसलेय ना. शेवटी भाऊजी स्वतः उठून गेले, मीही मागे गेले, मला एक शब्द चुकवायचा नव्हता. भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "चल, लोक बघतायत."

"बघू देत," ताई म्हणाली. "मलाही बघायचंय. घर इकडे तोंड करील तेव्हा मी तिकडे येऊन बसते."

भाऊजी माझ्याकडे वळले. मेव्हणीबाई, सांगा तिला. मी म्हटलं, भाऊजी, तुम्ही मंजूर केलेल्या नकाशात बायकोला कुठे बसवायचं ते दाखवलेलं नाही.

मुहूर्त टळत चालला होता आणि गुरुजींना पुढची पूजा उत्तनला होती. पूजेला पत्नी शेजारी लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. पत्नी नसेल तर तिच्या जागी सुपारी ठेवून काम भागवता येतं, हे गुरुजींनी तिथे सांगितलं. मी म्हटलं, गुरुजी, पत्नी आहे की, ती काय समोर. गुरुजी व्यवहारी होते. म्हणाले, आहेत, पण पाटावर नाहीत.

भाऊजी रागाने लाल झाले होते. म्हणाले, "ठेवा सुपारी."

आणि ठेवली. माझ्या बहिणीच्या पाटावर विड्याचं पान, पानावर सुपारी. सुपारीला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. मंत्र सुरू झाले. माझ्या अंगाचा इतका तिळपापड झाला होता की हातातला लाडू कुस्करला गेला. इतकी वर्षं त्या बाईने त्या माणसाचा डबा भरला, आणि तिची जागा भरायला एक सुपारी पुरली.

तेवढ्यात ताई उठली. सगळ्यांना वाटलं, नमली. गुरुजी मंत्र म्हणता म्हणता सरकून बसले. ती आली, गणपतीला वाकून नमस्कार केला, कारण देवाशी तिचं काही भांडण नव्हतं, आणि पाटावरच्या सुपारीकडे जरा वेळ बघत राहिली. मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बरी बसलीय. हिला तळंही बघायचं नाही. मग राहायलाही हिलाच आणा. चहा करील, गाळ्यावर डबा पाठवील."

आणि परत जाऊन खुर्चीवर बसली.

गाळ्यावरच्या माणसांतून कुणीतरी खोकला काढला, तो खोकला नव्हता. भाऊजींनी मान वर न करता पूजा पुरी केली, उठले आणि कुदळ घेतली. पहिलाच घाव खणकन्‌ वाजला. मातीखाली कुणाच्या तरी संडासाची टाइल. गुरुजींनी दुसरीकडे पाहिलं. भाऊजींनी दुसरा घाव घातला नाही. कुदळ हातात धरून ते उभे राहिले, एकदा सुपारीकडे पाहिलं, एकदा ताईच्या पाठीकडे. लाडू वाटून माणसं पांगली.

त्या दोघांत घरी काय झालं ते मला ठाऊक नाही. ताई म्हणते, काही नाही, डबा दिला. दहा-बारा दिवसांनी भाऊजींचा फोन आला की भराव उचलायला सांगितलाय. मग म्हणाले, "ती म्हणते, आधी ओटी करा, बाकी नंतर बघू. सरांना विचारलं मी. सर म्हणतात, नुसत्या ओटीला भिंत नाही, दार नाही, म्हणजे ती वास्तूच नव्हे. दोष लागत नाही."

म्हणजे हरायलाही या माणसाला परवानगी लागली, आणि ती सफारीवाल्याने दिली. मी एवढी संतापले की फोन ठेवून जिन्यावरून दोनदा खाली-वर केलं. आणि दुसऱ्या दिवशी जांभा सांगितला.

आता डोंगरीला तळ्याकाठी ओटी आहे. जांभ्याचं जोतं, बारीक खांब, खाली ओढलेली कौलं. मागे घर नाही. चिंच वाचली. कमळाच्या कोपऱ्यातली घाण मजुरांनी जमेल तेवढी काढली, पण तिथलं पाणी अजून गढूळ आहे आणि पाणकोंबडी त्या बाजूला येत नाही. तिथे नजर गेली की मी पुन्हा पहिल्यापासून चिडते.

ताई दर शनिवारी बसने जाते. कधी भाऊजीही बरोबर असतात. खांबांना स्टीलचा कठडा लावू का, असं त्यांनी एकदा मला विचारलं. मी काय म्हटलं ते इथे छापता येणार नाही.

मागच्या खेपेला मी तिच्याशेजारी बसले होते. कौलांखालून पाणी दिसत होतं, जसं दिसायला हवं होतं अगदी तसं. मी तिला म्हटलं, आता मागे घराचं बघू का? दोन खोल्या, स्वयंपाकघर, साधंसं दार. नकाशा तयारच आहे.

"दार नको," ती म्हणाली. "दार लागलं की वास्तू झाली, मग तो सफारीवाला पुन्हा येईल."

आणि थर्मास उघडून तिने माझ्यापुढे चहा धरला.